निळ्या बाटलीतलं पाणी जास्त ओलं असतं का?

मॅच संपली की मैदानावर दोन गट पडतात. एक गट पाण्याच्या कॅनकडे धावतो, ओंजळ लावतो, निम्मं पाणी पोटात आणि निम्मं शर्टावर घेतो. दुसऱ्या गटात एखादाच असतो. तो पिशवीतून निळी नाहीतर केशरी बाटली काढतो, सगळे बघतायत ना ते पाहून घेतो आणि मगच पहिला घोट घेतो. ‘‘याच्यात इलेक्ट्रोलाइट असते बे, नुसतं पानी पिऊन काय होते!’’ मग कॅनपाशी उभ्या असलेल्या पोट्ट्यांना वाटायला लागतं, आपलं काहीतरी हुकलं.

खरंच हुकलं का? अंगातून गेलेलं पाणी ती रंगीत बाटली साध्या पाण्यापेक्षा चांगलं भरून काढते का?

हा प्रश्न विचारायला आपल्या वऱ्हाडाइतकी योग्य जागा शोधून सापडायची नाही. एक तर आपलं ऊन. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनानं उन्हापायी चक्क जमावबंदीचा आदेश काढला होता. कामगारांना सावली आणि प्यायचं पाणी द्या, शिकवणीचे वर्ग भर दुपारी घेऊ नका, असं त्यात बजावलं होतं. आणि दुसरं म्हणजे आपलं खेळाचं वेड. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा या मंडळाची तुकडी तिथे गेली आणि तिनं आपले देशी खेळ साऱ्या जगासमोर करून दाखवले. आज जिला आपण स्पोर्ट्स ड्रिंक म्हणतो ती बाटली तेव्हा जन्मालाही आली नव्हती. आजच्या खेळाडूंचं म्हणाल तर जितेश शर्मा अमरावतीचा, अथर्व तायडे अकोल्याचा. वडाळी तलावाच्या बाजूला पहाटे गेलात तर पोलीस भरतीसाठी धावणारे दादा आणि ताया दिसतील. म्हणजे घाम गाळणारी माणसं आपल्याकडे भरपूर, आणि घाम काढणारं ऊनही भरपूर.

तेव्हा आधी घामाचंच बघू. बाटली नंतर.

तुमच्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा २५ अंशांची असली तर अंगातली उष्णता हवेत निघून जाते, फार खटपट करावी लागत नाही. पण हवा ४४ अंशांची झाली की सगळं उलटं होतं. आता हवाच अंगाला तापवू लागते. त्यात तुम्ही धावताय, म्हणजे स्नायू आतून उष्णता तयार करतायत. बाहेरूनही ताप आणि आतूनही ताप! अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम वाळवणं. एक लीटर घाम कातडीवर पूर्ण वाळला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हा आकडा किती मोठा आहे ठाऊक आहे? तीस किलो वजनाच्या मुलाचं सगळं अंग एका अंशानं तापायला साधारण २५ किलोकॅलरी पुरतात. आता करा भागाकार, म्हणजे घाम किती मोठं काम करतो ते कळेल.

यात एक गोम आहे, आणि ती वऱ्हाडातल्या मुलांनी नीट समजून घ्यायला हवी. मुंबईत हवा दमट असते. तिथे घाम वाळत नाही, ओघळतो, शर्ट चिकटतो आणि मुलांना कळतं की आपल्याला खूप घाम येतोय. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम बाहेर आला की लगेच उडून जातो. अंग कोरडं दिसतं. ‘‘मले तं घामच नाही आला,’’ असं म्हणणाऱ्या पोट्ट्याच्या काळ्या टी-शर्टवर संध्याकाळी पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. त्या रेघा म्हणजे मीठ, बाटलीवाल्याच्या भाषेत इलेक्ट्रोलाइट. पाणी उडून गेलं, मीठ मागे राहिलं.

एक लीटर घामात साधारण दोन-तीन ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सपाट अर्धा चमचा. कुणाच्या घामात याच्या निम्मं, तर कुणाच्या दुप्पट. जे रोज उन्हात सराव करतात त्यांच्या घामातलं मीठ आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं. घामाच्या ग्रंथीत आधी जो द्रव तयार होतो तो चांगलाच खारट असतो. कातडीपर्यंत येणाऱ्या बारीक नळीतून जाताना त्यातलं मीठ शरीर परत ओढून घेतं, आणि सवय झाली की हे काम आणखी नेटानं करतं. मला हे फार भारी वाटतं. तुम्ही नुसते खेळत असता आणि शरीर तुम्हाला न विचारता मिठाचा हिशोब सुधारत असतं.

आता पुढचं वाक्य जरा हळू वाचा, कारण सगळ्या कोड्याची किल्ली त्यात आहे. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. म्हणजे घाम गेला की शरीरातून मीठ जातं खरं, पण त्या मानानं पाणी जास्त जातं. मागे राहिलेलं रक्त आधीपेक्षा थोडं जास्त खारट होतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. रक्ताच्या खारटपणात शेकडा एक-दोन इतका फरक पडला तरी तो त्याला कळतो, आणि तो तुम्हाला तहान लावतो. मग सांगा, शरीराला सगळ्यात आधी काय हवंय? पाणी! मीठ त्याच्यानंतर.

म्हणून तासभर क्रिकेट, कबड्डी किंवा खो-खो खेळलात, नाहीतर भरतीच्या सरावाला १६०० मीटर धावलात, तर साधं पाणी पुरतं. सोळाशे मीटरला पाच-सहा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात अंगातलं मीठ संपत नाही की साखरही संपत नाही. गेलेलं मीठ संध्याकाळच्या भाकरीबरोबरच्या ठेच्यातून, वरणातून, लोणच्यातून परत येतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ मध्ये हेच सांगितलं, की रोजच्या खेळाला बहुतेक मुलांना स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नाही, पाणी हेच पेय.

मग ही बाटली आली कुठून आणि कशासाठी?

१९६५ साल. अमेरिकेत फ्लोरिडा नावाचं दमट, तापट हवेचं राज्य आहे. तिथल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ, नाव गेटर्स, म्हणजे मगरी. जाडजूड कपडे आणि शिरस्त्राणं घालून पोरं सराव करायची. संघाच्या एका प्रशिक्षकानं मूत्रपिंडाचे डॉक्टर रॉबर्ट केड यांना विचारलं, ‘‘डॉक्टर, आमच्या खेळाडूंना मॅचनंतर लघवीच का होत नाही?’’ किती साधा प्रश्न! केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूंचा घाम आणि रक्त तपासलं. लघवीला जायला अंगात पाणीच उरत नव्हतं. मग त्यांनी पाण्यात मीठ आणि साखर घालून एक पेय बनवलं. ते इतकं बेचव होतं की कुणाला पिववेना. केड यांच्या पत्नीनं सुचवलं, लिंबू पिळा. लिंबू पिळलं आणि गेटोरेड तयार झालं. थोडक्यात, जगातलं पहिलं गाजलेलं स्पोर्ट्स ड्रिंक म्हणजे लिंबू सरबतच की!

यात एक गोष्ट विसरू नका. त्या काळी अमेरिकेत कितीतरी प्रशिक्षक सराव चालू असताना मुलांना पाणीच पिऊ देत नसत. पाणी प्यायल्यानं खेळाडू ढिला पडतो, अशी समजूत होती. जिथे काहीच मिळत नव्हतं तिथे काहीतरी मिळालं. त्या यशातला मोठा वाटा बाटलीतल्या पाण्याचाच असणार, असं मला वाटतं.

पण मीठ आणि साखर एकत्र घालण्यामागे खरंखुरं विज्ञान आहे. ते विज्ञान आपल्या पोटात, लहान आतड्यात घडतं.

प्यायलेलं पाणी जठरातून लहान आतड्यात येतं. तिथून ते रक्तात शिरायला हवं. पाणी आपणहून जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे सरकतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात भांड्याच्या तळाशी पाणी सुटतं, ते यामुळेच. बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून फोडीतलं पाणी बाहेर आलं. तेव्हा आतड्यातलं पाणी रक्ताकडे न्यायचं असेल तर आधी मीठ आतड्याच्या पेशींतून पलीकडे गेलं पाहिजे. १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं सांगितलं, की आतड्याच्या पेशींवर असं एक वाहक प्रथिन आहे, जे मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज नावाची साखर यांना जोडीनंच आत घेतं. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन. एकटं ग्लुकोज आलं तर ते घेत नाही, एकटं सोडियम आलं तरी नाही. जोडी आत गेली की मागोमाग पाणी जातं.

प्रयोगशाळेतल्या या शोधानं पुढे किती जीव वाचवले ते ऐका. १९७१. बांगलादेशचं युद्ध चालू होतं. लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली. कॉलऱ्यात जुलाबावाटे शरीरातलं पाणी भराभर निघून जातं. शिरेतून द्यायची सलाइन संपत आली होती. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, पिंपांतून नळ काढून, ते पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चारच्याही खाली आलं. भारत सरकारनं २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. आज औषधाच्या दुकानात जी ओआरएसची पुडी मिळते, ती याच कामामुळे घराघरांत पोचली.

‘‘मग झालं तर!’’ निळी बाटलीवाला म्हणेल. ‘‘माझ्या बाटलीतबी मीठ-साखर आहे. म्हणजे ती पाण्याहून भारीच.’’

थांब रे भाऊ, आधी तिच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचू. एक लीटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं आणि सोडियम पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. एक लीटर साध्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साखर साठ ग्रॅमच्या आसपास आणि सोडियम अर्धा ग्रॅमसुद्धा जेमतेम. म्हणजे साखर चौपटीहून जास्त आणि सोडियम चौथ्या हिश्शाच्या आसपास. तुमच्या घामात जेवढं मीठ गेलं, त्याच्या निम्मंही बहुतेक वेळा या बाटलीतून परत येत नाही. अर्ध्या लीटरची एक बाटली संपवलीत तर सात चमचे साखर पोटात गेली.

एवढी साखर कशाला? ती पाण्यासाठी नाहीच. ती इंधन आहे. दोन-तीन तास सायकल हाणणारे, मॅरेथॉन धावणारे, उन्हात चार-पाच सेट टेनिस खेळणारे खेळाडू स्नायूंमधला साखरेचा साठा संपवतात. त्यांना चालू खेळातच साखर मिळाली तर ते जास्त वेळ जोरात पळू शकतात, हे अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यांच्यासाठी ही बाटली कामाची आहे, आणि ते मान्य करायला हवं. चाळीस मिनिटं गल्ली क्रिकेट खेळून, त्यातली पंचवीस मिनिटं फिल्डिंगला उभं राहणाऱ्याला मात्र तिचा उपयोग नाही.

पण निव्वळ पाणी टिकवण्याची स्पर्धा लावली तर? ती लागलेली आहे! ब्रिटनमधले शास्त्रज्ञ रोनाल्ड मॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ पुरुषांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेरा पेयं घेतली. साधं पाणी, कोला, चहा, कॉफी, संत्र्याचा रस, दूध, स्पोर्ट्स ड्रिंक, ओआरएस वगैरे. अर्ध्या तासात एक लीटर प्यायचं आणि मग पुढे चार तास लघवी मोजायची. (हसू नका. विज्ञानात हेही करावं लागतं.) जितकी लघवी कमी, तितकं पाणी अंगात टिकलं.

निकाल काय लागला? स्पोर्ट्स ड्रिंक आणि साधं पाणी यांच्यात मोजण्यासारखा फरक निघाला नाही. पहिल्या रांगेत कोण आलं? ओआरएस आणि दूध! या दोन्हींनंतर लघवी पाण्यापेक्षा जवळजवळ एक पंचमांशानं कमी झाली. दुधात सोडियम असतं, पोटॅशियम असतं, त्याची स्वतःची साखर असते, प्रथिनं असतात. त्यामुळे ते पोटातून हळूहळू पुढे सरकतं. नुसतं पाणी गटागटा प्यायलं की रक्त थोडं पातळ होतं, मेंदू मूत्रपिंडांना ‘सोडा’ असा निरोप धाडतो आणि तुम्ही आडोसा शोधता. दुधाच्या बाबतीत ही घाई होत नाही.

प्रयोगातली ही सगळी माणसं मात्र बसून होती, धावत नव्हती, एवढं लक्षात ठेवा. आणि म्हणून उद्या मॅचच्या मध्येच लीटरभर दूध पिऊ नका, धावताना पोट ढवळेल. खेळून घरी आल्यावर एक पेला दूध, किंवा पाणी आणि पोटभर जेवण, हे जास्त बरं. जेवणात मीठ असतंच. पाण्याबरोबर जेवण गेलं की पाणी चांगलं टिकतं.

इथपर्यंत वाचून निळी बाटली हरलीच असं वाटत असेल, तर तिच्या बाजूचा एक पुरावा मी लपवणार नाही. कॅनडात विल्क आणि बार-ओर या शास्त्रज्ञांनी ९ ते १२ वर्षांच्या बारा मुलांना ३५ अंशांच्या खोलीत तीन तास आलटूनपालटून सायकल चालवायला आणि विश्रांती घ्यायला लावलं. प्यायला हवं तेवढं घ्या, सक्ती नाही. साधं पाणी ठेवलं तेव्हा मुलं पुरेसं प्यायलीच नाहीत. पाण्याला द्राक्षाचा स्वाद दिला तर ती सुमारे ४५ टक्के जास्त प्यायली. स्वादाबरोबर साखर आणि मीठही घातलं तेव्हा जवळजवळ ९० टक्के जास्त! म्हणजे मुलांचा खरा घोळ असा, की तहान लागूनही खेळाच्या नादात ती कमी पितात. चव असली की पितात.

हे वाचल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? लिंबू! माठातल्या थंड पाण्याच्या बाटलीत अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि एक-दोन चमचे साखर. चव आली, मीठ आलं, साखर थोडीच. दीड-दोन तासांच्या सरावासाठी याहून जास्त काही लागत नाही.

ताक तर त्याहून बरं. मीठ, जिरं घातलेलं पातळ ताक म्हणजे पाणी, मीठ, पोटॅशियम आणि थोडी दुधातली साखर. आपल्या आजीला सोडियमचं वाहक प्रथिन ठाऊक नव्हतं, पण उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात तिनं मिठाचं ताक दिलं. पन्ह्याबद्दल मात्र मला थोडं सावध बोलायचं आहे. पन्हं माझंही लाडकं आहे. पण लग्नात मिळतं तसं दाट, गोडमिट्ट पन्हं किंवा गुऱ्हाळावरचा उसाचा रस यांत साखर दहा टक्क्यांच्या वर सहज जाते. साखर इतकी वाढली की जठर ती पुढे हळू सोडतं, पोट डबडबतं आणि पाणी रक्तात उशिरा पोचतं. खेळताना प्यायचं असेल तर पन्हं पातळ करा आणि त्यात चिमूटभर मीठ टाका. घट्ट पन्हं खेळ संपल्यावर, आरामात.

आता एक वऱ्हाडी शंका. ती मला दर्यापूर-अकोट भागातल्या मुलांकडून ऐकायला आवडेल. ‘‘आमच्या विहिरीचं पानी तं आधीच खारं आहे. मग आमचं पानी म्हणजे फुकटचं स्पोर्ट्स ड्रिंकच नाही का?’’

शाब्बास! प्रश्न असा हवा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरलेला आहे. इथल्या जमिनीत गाळाचे खोलच खोल थर आहेत आणि त्यांतलं पाणी खारं आहे. ओलिताला वापरलं तर काळी जमीन चिबड आणि कडक होते, म्हणून इथला शेतकरी पावसाकडेच डोळे लावून बसतो. प्यायचं पाणी दुरून आणावं लागतं. अकोट भागातल्या गावांसाठी वान धरणातून नळयोजना आहे, तिला लोक ‘चौऱ्याऐंशी खेडी योजना’ म्हणून ओळखतात.

मग हे पाणी खेळाडूला का चालत नाही? एक, त्यात ग्लुकोज नाही, म्हणजे ती जोडी जमत नाही. दोन, त्यात नुसतं आपल्या ओळखीचं मीठ नसतं. मॅग्नेशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असे कितीतरी क्षार असतात, आणि प्रत्येक विहिरीत त्यांचं प्रमाण वेगळं. काही क्षारांनी तर पोट बिघडून जुलाब होतात, म्हणजे पाणी यायच्या ऐवजी जायचंच. आणि तीन, जास्तीचं मीठ शरीराबाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी खर्च करावं लागतं. समुद्राच्या एका लीटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडं लघवी इतकी खारट करूच शकत नाहीत. म्हणून समुद्राचं पाणी पिणारा माणूस जितकं पितो त्याहून जास्त पाणी गमावतो आणि आणखी तहानतो. खारपाणपट्ट्यातलं पाणी समुद्राइतकं खारट नाही, पण ‘मीठ चांगलं म्हणून जास्त मीठ आणखी चांगलं’ हा हिशोब कसा चुकतो, ते यातून कळतं. मीठ मापात हवं. ओआरएसची सगळी करामत मापात आहे.

आणि पाणी? त्यालाही माप आहे, हे ऐकून कित्येकांना धक्का बसतो. अमेरिकेत बॉस्टनला दरवर्षी मोठी मॅरेथॉन होते. २००२ च्या शर्यतीत ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं. त्यांतल्या १३ टक्के धावपटूंच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेलं होतं. वाटेत ठिकठिकाणी थांबून त्यांनी गरजेपेक्षा खूप जास्त पेय प्यायलं होतं. त्या वर्षी एका धावपटूचा याच कारणानं मृत्यूही झाला. आणि यात स्पोर्ट्स ड्रिंक पिणारे सुटले नव्हते, कारण त्या पेयातही रक्ताच्या मानानं मीठ फारच कमी असतं. खेळताना दर वीस मिनिटांनी शंभर ते अडीचशे मिलिलीटर, म्हणजे अर्धा ते एक पेला, एवढं तुमच्या वयाला ठीक. कुणी पैज लावली म्हणून बाटल्यांवर बाटल्या रिचवू नका.

दुकानात गेलात तर आणखी एक गोष्ट बघा. काही वर्षं आपल्याकडे फळांच्या चवीची गोड पेयं ‘ओआरएस’ हे नाव मिरवत विकली जात होती. जुलाब झालेल्या बाळाला आईबाप तीच औषध समजून पाजायचे. एवढ्या साखरेनं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं याविरुद्ध लढल्या. अखेर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असं नाव लावायला मनाई केली. एका डॉक्टरबाईंनी लेबलवरच्या तीन अक्षरांसाठी एवढी चिकाटी धरली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आता आजारपणासाठी पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवल्याचं त्यावर लिहिलंय का, ते तुम्हीच आईबाबांना वाचून दाखवा.

आणि हो, कुठलंही पेय, पाणी असो की निळी बाटली, भर दुपारी ४५ अंशांत खेळायचा परवाना देत नाही. अंग थंड राहील इतक्या वेगानं घाम वाळूच शकत नाही अशी वेळ येते. डोकं गरगरणं, ओकारी येणं, दोस्त असंबद्ध बोलायला लागणं, ही उष्माघाताची लक्षणं असू शकतात. त्याला सावलीत न्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला, मोठ्यांना हाक मारा आणि १०८ ला फोन करायला सांगा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आता प्रयोग. याला फक्त वजनकाटा लागतो. सकाळी खेळायला जाण्याआधी लघवीला जाऊन या आणि कमी कपड्यांत वजन करा. मोबाइलमध्ये नको, वहीत लिहा. तासभर खेळा. पाण्याची बाटली मोजून भरलेली असू द्या, म्हणजे किती प्यायलात ते कळेल. परत आलात की अंग टिपा आणि पुन्हा वजन करा. समजा आधी ३२ किलो होतं, आता ३१.७ आहे आणि मध्ये तुम्ही ३०० मिलिलीटर पाणी प्यायलात. म्हणजे एकूण ६०० मिलिलीटर घाम गेला, त्यातला निम्मा तुम्ही भरून काढला. वजनात शेकडा दोनहून जास्त घट आली, म्हणजे ३२ किलोला ६४० ग्रॅमच्या पुढे, तर तुम्ही फारच कमी प्यायलात. वजन उलट वाढलं तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात.

हाच प्रयोग जानेवारीत एकदा, मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलच्या सकाळी एकदा करा. तीन आकडे शेजारी शेजारी लिहा. तुमच्यासोबत खेळणाऱ्या दोस्ताचेही लिहा. त्याचे आकडे तुमच्यापेक्षा वेगळे येतील, कारण त्याचं वजन वेगळं, त्याचा पळण्याचा वेग वेगळा आणि घामाच्या ग्रंथींचा स्वभावही वेगळा. काळा टी-शर्ट घालून खेळलात तर पांढऱ्या रेघा कुणाच्या पाठीवर जास्त उमटल्या तेही टिपून ठेवा. ज्याच्या रेघा ठळक, त्याच्या घामात मीठ जास्त. त्याच्या लिंबूपाण्यात चिमूट जरा मोठी टाकायला हरकत नाही.